मेजावर बारा इंच

त्या बुधवारी लोरेटा ग्राबोव्स्की नेहमीप्रमाणे पावणेनऊला ऑफिसात शिरली, पण तिने कोट काढला नाही. कॉफीचं यंत्रही सुरू केलं नाही. स्वतःच्या टेबलाकडे ढुंकून न पाहता ती दारालगतच्या बाकावर, जिथे अशील बसतात तिथे, पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली. चौतीस वर्षांत त्या बाकावर बसायची तिची ही पहिलीच वेळ. बाक इतका डुगडुगतो हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळाने रिकामा कप हातात घेऊन थिओ कॅराझिस आतल्या खोलीतून बाहेर आला. थिओ म्हणजे या ऑफिसचा वकील. वय त्रेचाळीस, पण लोरेटाच्या लेखी तो अजून नऊ वर्षांचाच होता, कारण त्या वयात तो शाळा सुटल्यावर तिच्या टेबलाखाली बसून गणितं चुकवायचा. तेव्हा ऑफिस त्याच्या वडिलांचं होतं.

"मिसेस ग्राबोव्स्की, बरं वाटत नाही का?"

"मला वकील हवाय."

"आहे की मी. कशावर सही हवीय?"

"सही नकोय. वकील हवाय. मी अशील म्हणून आलेय."

अशील आला की काय करायचं हे थिओला पक्कं ठाऊक होतं. मिसेस ग्राबोव्स्कींना हाक मारायची. त्याने सवयीने तिच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

पिट्सबर्गच्या त्या टेकडीवर कुणाला शिंक आली की लोक "देव भलं करो" म्हणतात आणि कुणी कुणाला डिवचलं की "वकील लाव" म्हणतात. दोन्ही म्हणताना फारसा विचार कुणी करत नाही. मूळ इंग्रजी बोलीतले ते दोन आखूड शब्द, 'लॉयर अप', टीव्हीवरच्या पोलिसांच्या मालिकांतून खाली उतरलेले. मालिकेत ते खुनाच्या संशयितासाठी वापरतात. टेकडीवर एवढी पात्रता लागत नाही. शेजाऱ्याच्या कुत्र्याने ट्यूलिप उकरले, वकील लाव. न्हाव्याने एक कल्ला वर आणि एक खाली ठेवला, वकील लाव. फादर डोमिनिकनी प्रवचनात नाव न घेता टोमणा मारला, तरी मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटतंच.

शंभर बोलणाऱ्यांतला एखादा खरोखरच वकील लावायला निघे. तो ऑफिसखालच्या धोबीघराशेजारचा जिना धापा टाकत चढून येई, आणि वर त्याची गाठ आधी लोरेटाशी पडे.

लोरेटा त्याला बसवायची, कॉफी द्यायची आणि फॉर्म भरून घ्यायची. नाव, पत्ता, समोरच्या पक्षाचं नाव, तक्रार, आणि सातवा रकाना: 'समोरच्या पक्षाबद्दल एक बरी गोष्ट'. अमेरिकेतल्या कुठल्याही कायद्यात हा रकाना नाही. तो लोरेटाने टाईप केला होता. थोरल्या कॅराझिसांच्या तो तीन वर्षांनी लक्षात आला आणि तोवर उशीर झाला होता. सातव्या रकान्यापाशी माणूस अडायचा, छताकडे बघायचा, मग म्हणायचा, "तसं म्हटलं तर मागच्या हिवाळ्यात त्यानेच माझी गाडी ढकलली होती." निम्मे अशील इथूनच जिना उतरून घरी जायचे. ऑफिस त्यामुळे कधी भरभराटीला आलं नाही, पण जिना मात्र झिजला.

"फॉर्म कुठे असतात?" थिओने विचारलं.

"दुसरा खण. निळ्या फायलीखाली."

थिओ तिच्या खुर्चीवर बसला. ती खुर्ची लोरेटाच्या मापाला इतकी बसलेली होती की त्याचे गुडघे हनुवटीशी आले.

"समोरचा पक्ष?"

"डॉली हुडाक."

थिओचं पेन थांबलं. "आपली डॉली? तुमच्या भिंतीपलीकडची?"

"तीच. आडनाव नीट लिही, घाई करू नकोस."

पहिलीच्या वर्गात सिस्टर अगाथाने दोघींना एका बाकावर बसवलं, त्याला आता साठ वर्षं झाली. नंतर त्या एका भिंतीच्या जोडघरांत राहायला आल्या. पुढचा ओटा दोघींचा एकच होता. डॉलीच्या नातीची, क्रिस्टनची, लोरेटा गॉडमदर, म्हणजे बाप्तिस्म्यातली मानलेली आई, होती. आणि क्रिस्टनचं लग्न येत्या शनिवारी होतं. पुढच्या बुधवारी ईस्टरआधीचा उपवासाचा काळ लागणार, मग चाळीस दिवस चर्चमध्ये नाचगाणं बंद, म्हणून घाई.

"तक्रार काय?"

"लिही. रविवारी बर्फ पडला. सोमवारी मी दीड तास फावड्याने उपसून घरापुढची गाडीची जागा मोकळी केली. या गुडघ्यांनी. गाडी काढली आणि जागेवर खुर्ची ठेवली."

थिओने मान हलवली. उपसलेल्या जागेवर स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली की बर्फ वितळेपर्यंत ती जागा तुमची. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, म्हणूनच तो सगळे पाळतात. त्या टेकडीवर माणूस एकवेळ कर चुकवील, पण दुसऱ्याची खुर्ची हलवणार नाही.

"मी लोणी आणायला गेले. लग्नाच्या कुकींसाठी, बारा पौंड. परत येऊन बघते, तर माझ्या जागेवर डॉलीची गाडी आणि माझी खुर्ची ओट्यावर आडवी पडलेली. मी खाली चर्चपाशी गाडी लावली आणि बारा पौंड लोणी घेऊन टेकडी चढले."

"मग तुम्ही तिचं दार वाजवलंत."

"मी काल इथे येऊन तिला पत्र लिहिलं आणि दुपारी तिच्या दाराखालून सरकवलं."

"कसलं पत्र?"

लोरेटाने पर्सची कडी उघडली आणि मिटली. "साधंच. 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, आपण दिनांक अमुक रोजी सदर खुर्ची बेकायदेशीररीत्या विस्थापित केली असून...' असं."

"साध्या कागदावर?"

"लेटरहेड समोरच होतं."

थिओने चष्मा काढून पुसला. "म्हणजे कालपासून मी तुमचा वकील आहेच."

"म्हटलं, आधी पत्र जाऊ दे, मग तुला सांगू. तुझे वडील अशा गोष्टींत लक्ष घालायचे नाहीत."

काल संध्याकाळी डॉलीचा फोन आला होता. तिने एकच वाक्य उच्चारलं आणि फोन आपटला. "कुकींच्या मेजावर तुला जागा नाही!"

हे ऐकल्यावर थिओने पेन खाली ठेवलं. त्या गावात लग्नात केक असतो, पण तो फोटोपुरता. खरी गोष्ट म्हणजे कुकींचं मेज. मावश्या, आत्या, शेजारणी महिनाभर भट्ट्या पेटवून डझनांनी कुकी करतात आणि हॉलमध्ये लांबच्या लांब मेजावर मांडतात. नवरीचा झगा कसा होता हे लोक वर्षभरात विसरतात, पण अमक्या मावशीचा ट्रे कुणाशेजारी होता हे विसरत नाहीत. हुडाकांच्या प्रत्येक लग्नात, गेली बेचाळीस वर्षं, मेजाच्या मधोमध लोरेटाच्या लेडी लॉक असत. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांवर पिठाच्या पट्ट्या गुंडाळून भाजायच्या, चिमटा अलगद ओढून काढायचा आणि पोकळीत क्रीम भरायचं. ही कला तिला डॉलीच्या आईने शिकवली होती. डॉलीला जमली नाही म्हणून.

"रात्री माझा भाऊ आला होता," लोरेटा म्हणाली. "एडी म्हणाला, डॉली वकील लावतेय, त्याआधी तू लाव."

"बरं. कोर्टाकडे आपण काय मागायचं? भरपाई?"

"भरपाई कसली डोंबलाची! मेजावर जागा. बारा इंच. माझा ट्रे बारा इंचांचा आहे."

"शनिवारच्या आत."

"शनिवारी चारच्या आत. पाचला पाहुणे येतात."

थिओने ते लिहून घेतलं. कायद्याच्या परीक्षेला बसताना हा प्रश्न आपल्याला कसा आला नाही, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. मग तो सातव्या रकान्याशी आला आणि खाकरला.

"समोरच्या पक्षाबद्दल एक बरी गोष्ट."

"तो रकाना ऐच्छिक आहे."

"कधीपासून?"

"आजपासून."

"मिसेस ग्राबोव्स्की, तो भरल्याशिवाय फाईल उघडत नाही. हे तुम्हीच वडिलांना बजावलं होतंत. मी टेबलाखाली होतो."

लोरेटा छताकडे बघू लागली. तिथे ओल आलेली होती. तिचा आकार डॉलीच्या नाकासारखा आहे असं तिला वाटून गेलं. बाहेर जिन्यावर कुणीतरी एकेक पायरी मोजत चढत होतं.

दार उघडलं. दारात डॉली हुडाक होती. लाल टोपी, लाल नाक, दुखऱ्या कमरेवर एक हात आणि दुसऱ्या हातात लेटरहेडवरचं पत्र.

"मला वकील हवाय," असं म्हणून तिने समोर पाहिलं, आणि लोरेटाच्या खुर्चीत थिओ, बाकावर लोरेटा हा देखावा बघून ती दोन पावलं मागे सरकली. "अगं बाई! तुला काढून टाकलं की काय?"

"मी अशील आहे."

"मग मीपण अशील आहे."

"दोन्ही पक्षांना एकच वकील चालत नाही, डॉली," थिओ उभा राहत म्हणाला.

"मग मी कुठे जाऊ? टेकडीवर तू एकटाच आहेस. खाली शहरात गाडी लावायला जागा मिळत नाही."

"ती तर तू कुठेही घेतेस," लोरेटा म्हणाली.

थिओने दोघींकडे पाहिलं. वडिलांच्या बावीस आणि स्वतःच्या बारा वर्षांच्या वकिलीत या ऑफिसातलं एकही अवघड काम कॅराझिस मंडळींनी स्वतः केलेलं नव्हतं, आणि आज ती प्रथा मोडायचं काही कारण त्याला दिसेना.

"आधी फॉर्म भरावा लागेल," तो म्हणाला, आणि कप घेऊन आत निघून गेला.

डॉली रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. "इथे फॉर्म कोण भरून घेतं?"

लोरेटाने पर्स बाजूला ठेवली. मग उठली, कोटासकट आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि नवा फॉर्म समोर ओढला.

"बस. बाक डुगडुगतो, सांभाळून. अशिलाचं नाव?"

"तुला माहीत नाही?"

"फॉर्मला माहीत नाही."

"डॉली हुडाक."

"समोरचा पक्ष?"

"लोरेटा ग्राबोव्स्की. मोठी तऱ्हेवाईक बाई आहे."

"ते तक्रारीत येईल. पत्ता?"

"माझ्या न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे. सगळं ऐकू येतं."

"तक्रार?"

"माझ्याच खुर्चीवरून मला वकिलाचं पत्र धाडलं. पोस्टमन म्हणाला, बाई, वकील लाव. दूधवाली म्हणाली, वकील लाव. एडी तर दोनदा म्हणाला."

लोरेटाचं पेन थांबलं. "एडी तुलापण म्हणाला?" मग तिच्या लक्षात आधीचा शब्द आला. "आणि 'माझ्याच' म्हणजे काय? खुर्ची माझी आहे. लाल बैठकीची. आईच्या सहा खुर्च्यांतली."

"सहातल्या दोन माझ्याकडे आहेत! माझ्या स्वयंपाकघरात नळ फुटला त्या वर्षी तूच दिल्यास. त्यातली एक रविवारी तुझा भाऊ घेऊन गेला. म्हणाला, तुझी कंबर दुखतेय, सकाळी मी येऊन तुझी जागा उपसतो आणि तुझी खुर्ची ठेवून जातो. सकाळी पडदा सारला, तर जागा स्वच्छ आणि वर माझी लाल खुर्ची. म्हटलं, एडीने जन्मात एकदा शब्द पाळला! खुर्ची उचलून ओट्यावर भिंतीला टेकवली आणि गाडी लावली."

"आडवी पडली होती."

"वारा सुटला होता, लोरेटा! वाऱ्यालाही पत्र पाठव."

आतल्या खोलीत इतकी शांतता होती की थिओ दाराला कान लावून उभा आहे हे दोघींना कळत होतं.

लोरेटाने फोन स्पीकरवर टाकून भावाचा नंबर फिरवला.

"एडी, डॉलीची खुर्ची कुठे आहे?"

"कुठली खुर्ची?"

"लाल."

"ट्रकमध्ये असेल."

"सोमवारपासून?"

"अगं, सोमवारी पहाटे माझा एक मित्र आला. तळं चांगलं गोठलंय, बर्फाला भोक पाडून गळ टाकला की मासे लागतायत म्हणाला. म्हटलं, तासाभरात येऊ. तिथे बसायला काहीतरी हवंच होतं."

"माझ्या खुर्चीवर बसून मासे मारलेस?" डॉली ओरडली.

"ती कोण बोलतेय? लोरेटा, तू कुठून बोलतेयस?"

"वकिलाच्या ऑफिसातून."

"मग मी आता एक अक्षर बोलणार नाही," एडी म्हणाला. "माझा वकील येईपर्यंत."

फोन बंद झाला. डॉलीच्या नाकातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा की शिंकेचा हे आधी कळेना. पण मग लोरेटाचा कोट खांद्यांपासून हलू लागला, आणि पुढची दोनतीन मिनिटं खाली धोबीघरातल्या यंत्रांपेक्षा वरच जास्त खडखडाट झाला. बाकसुद्धा डॉलीबरोबर हलत होता.

डोळे पुसून लोरेटाने फॉर्म पुन्हा समोर घेतला.

"आता कशाला?" डॉली म्हणाली.

"एक रकाना राहिलाय. समोरच्या पक्षाबद्दल एक बरी गोष्ट."

"हे असलं विचारता तुम्ही लोकांना?" डॉलीने टोपी काढून मांडीवर ठेवली. "लिही. ती बेसूर गाते."

"बरी गोष्ट, डॉली."

"तेच सांगतेय. हिच्या स्टॅनच्या अंत्यविधीला आम्ही सगळ्या रडत होतो, चर्चमध्ये कुणाच्या गळ्यातून सूर निघेना. आणि नवरा गेलेली ही बाई पहिल्या बाकावर उभी राहून एकटी गात होती. चारही कडवी. एकसुद्धा सुरात नाही. तेव्हापासून मी तिच्याच शेजारी बसते आणि मोठ्याने गाते, म्हणजे लोकांना ती ऐकू जाणार नाही आणि तिला थांबावं लागणार नाही."

लोरेटाने रकाना बोटाने मोजला.

"एवढं मावत नाही या रकान्यात," ती म्हणाली आणि तिने लिहिलं: 'गाते.'

मग तिने शेजारचा, थिओच्या वेड्यावाकड्या अक्षरातला स्वतःचा फॉर्म ओढला आणि सातव्या रकान्यात लिहिलं: 'ही पण.'

"पत्र मात्र वाईट होतं हं," डॉली म्हणाली. "मला 'विस्थापित' म्हणजे काय ते शब्दकोशात बघावं लागलं."

"लेटरहेडवर हात बसलेला आहे माझा, काय करू! आता मेजाचं काय ते सांग."

डॉलीचा चेहरा पडला. "काल रागाच्या भरात तुझी जागा कॅरोलला दिली. माझ्या मावसबहिणीला. ओहायोच्या."

"ओहायोच्या?" टेकडीवर त्या शेजारच्या राज्याचं नाव शिवीसारखंच घेतात.

"राग आला होता गं."

"मी चिडून वकील लावला," लोरेटा सावकाश म्हणाली. "पण ओहायोपर्यंत नाही गेले."

शेवटी मधली जागा लोरेटाचीच, आणि कॅरोलला फोन करून सांगायचं, असं ठरलं. डॉलीला असले फोन जमत नाहीत. तिने तो केला नाही, आणि केला म्हणून सांगितलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी धोबीघरावरचं ऑफिस बंद होतं. दारावर लोरेटाच्या अक्षरात पाटी होती: 'वकील कामात आहेत.' ती खरीच होती. वकील लोरेटाच्या स्वयंपाकघरात बाह्या सरसावून गरम कुकींतून चिमटे ओढत होते आणि दर पाचवी मोडत होते. मोडलेली त्यांनाच खावी लागे. डॉली क्रीम घोटत होती. तिला तेवढंच करू देत. एडीने दोन्ही घरांपुढची जागा काळी फरशी दिसेपर्यंत उपसली आणि कुणाशी एक शब्दही बोलला नाही, कारण त्याचा वकील चिमट्यांत अडकलेला होता.

शनिवारी चारला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मेज तयार होतं. हॉलच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत. एकावर एक रचलेल्या जर्दाळूच्या, अक्रोडाच्या, बडीशेपेच्या कुकी, आणि मधोमध पिठीसाखर भुरभुरलेल्या लोरेटाच्या लेडी लॉक. शिवाय, मोठा ट्रे रिकामा झाला की भरायला, खाली खोक्यांत आणखी वीस डझन. लोरेटा निळ्या झग्यात मेजामागे उभी होती. कुणी जवळ आलं की ती दुसरीकडेच बघत असल्यासारखं करायची. क्रिस्टन चर्चमधून आली, ती झगा सावरत आधी मेजाशी आली, एक लेडी लॉक तोंडात घातली आणि भरल्या तोंडाने आपल्या गॉडमदरच्या गालाचा मुका घेतला. लोरेटाच्या गालावर साखर राहिली. तिने ती पुसली नाही.

पाहुणे अर्धे आले असतील, तेव्हा दार ढकलून एक ठेंगणी बाई आत आली. बूट भिजलेले, डोक्यावर बर्फाचे कण आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेला ट्रे. सव्वादोन तास गाडी हाकून आली होती. ती मेजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. कुठे बोटभर जागा नव्हती. मग ती नुसतीच उभी राहिली. ट्रे खाली घ्यावा की वर धरावा हे तिला कळत नव्हतं.

हॉलच्या पलीकडून डॉलीने तिला पाहिलं आणि ती चटकन एका खांबाआड झाली.

"कॅरोल ना?" लोरेटाने विचारलं.

"हो. मला मध्ये ठेवायला सांगितलं होतं. चुकलं असेल काहीतरी. मी गाडीत ठेवते परत."

"काय आणलंयस?"

कॅरोलने वरचा कागद सरकवला. खाली पीच होते. दोन अर्धगोल जोडून, रंगवून, वर पुदिन्याचं पान खोचून केलेल्या कुकी, अगदी झाडावरून उतरवल्यासारख्या. लोरेटाने वाकून निरखून पाहिलं. ओहायोची असली तरी बाईला हात होता.

ज्या बारा इंचांसाठी ती वकिलाच्या बाकावर जाऊन बसली होती, तिकडे लोरेटाने एकदा बघितलं. मग तिने तिथल्या लेडी लॉक एकेक उचलून शेजारच्या काचेच्या उभ्या ताटलीवर रचायला घेतल्या, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, मनोऱ्यासारख्या. आपला ट्रे तिने काढून घेतला, ओलं फडकं फिरवलं आणि म्हणाली, "ठेव इथे. सरळ ठेव, पानं पुढे."

तेवढ्यात अकॉर्डियनवाल्याने जोडीने नाचायचा पोल्का सुरू केला. पोल्का लागला की स्टॅन काही न विचारता तिचा हात धरायचा. लोरेटा मेजामागेच थांबली होती, इतक्यात खांबाआडून डॉली कंबर विसरून तरातरा आली आणि तिने लोरेटाचं कोपर पकडलं.

"चल!"

"अगं थांब, हा ट्रे..."

"ठेव कुठेतरी!"

लोरेटाने इकडेतिकडे पाहिलं. मेज काठोकाठ भरलेलं होतं आणि ट्रे ठेवायला कुठेच जागा नव्हती. मग तिने तो तसाच काखेत धरला, आणि रिकाम्या ट्रेमधली उरलेली साखर सगळ्या हॉलभर सांडत, मोठ्याने आणि अगदी बेसूर गात, ती नाचली.